हिरव्या लुगड्याची झोळी

जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या पाण्याकाठच्या त्या गावात सरजाबाईपुढे कुणी फारसा तोरा मिरवत नसे. मिरवणार तरी कसा? निम्म्या गावाची नाळ तिने कापलेली. मिशीला पीळ देत ग्रामपंचायतीत बसणारा मुंजाजी पायाळू आला होता आणि चापट्या खाल्ल्यावरच रडला होता, हे तिने त्याला चारचौघांत ऐकवलेलं. पुढे दवाखान्याची गाडी दारात यायला लागली, बाया जिंतूरला बाळंत व्हायला लागल्या, आणि सरजाबाईचं सुईणीचं काम सुटलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. बाया मरायच्या थांबल्या, लय बेस झालं, असं ती स्वतःच म्हणायची.

पण आयुष्यभर राबलेले हात गप्प बसत नाहीत. लोक मग तिला म्हशी-शेळ्यांसाठी बोलवायला लागले. आडवं आलेलं रेडकू, अडकलेलं करडू, वार न पडलेली गाय. सरजाबाई पदर खोचून गोठ्यात शिरायची. बाई असो का म्हैस, कळ एकच, असं तिचं म्हणणं. म्हशीच्या पोटाला हात लावून ती तिच्याशी अशी बोलायची, की मालकाला आपणच परके वाटायचे.

कोण आपलं पिल्लू कसं वागवतं, हे बघायचा तिला नादच होता. शेळी पाच महिन्यांत मोकळी होते, म्हशीला दहा महिने लागतात, आणि गाढवीण वर्षभर पोट वागवते, तरी नाव खराब तिचंच, असं म्हणून ती हसायची. मांजर पिल्लाला मानेला धरून घरं बदलत फिरते. हरणी आपलं पाडस गव्हात लपवून मुद्दाम लांब जाते, म्हणजे कोल्ह्याला वास लागत नाही. आणि गावातले शहाणे ते अनाथ समजून उचलून घरी आणतात. पाण्याकाठच्या चिंचेवर वटवाघळं लटकलेली असत. त्यांचं पिल्लू आईच्या छातीला तोंड लावून चिकटतं आणि आई तशीच उडते. आणि वानर? वानराचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या आईच्या पोटाचे केस मुठीत धरतं. आई या झाडावरून त्या झाडावर जाते आणि त्याला हातसुद्धा लावत नाही. बाकी सगळ्यांत आई लेकराला धरती, वानरात लेकरूच आईला धरतं, असं सरजाबाई म्हणायची.

आता हा नाद तिला कशाने लागला, ते सांगायला हवं. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. तेव्हा ती स्वतःच पोरसवदा. सासूने ते एका कापडात गुंडाळलं आणि दाराबाहेर दिलं. सासरा आणि धाकटा दीर किशन ते घेऊन नदीकडे गेले. सरजाबाई हात पुढे करून बसली होती. सासू म्हणाली, बघू नगं, माया लागंल. पोरगा होता का पोरगी, हेही तिला कुणी सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांनी दूध दाटून आलं. चोळी ओली व्हायची, ताप भरायचा, आणि ती गोठ्याकडे बघत पडायची. गोठ्यातल्या म्हशीचं रेडकू त्याच महिन्यात मेलं होतं. म्हशीने दूध चोरू नये म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. म्हैस ते चाटायची, हुंगायची आणि पान्हा सोडायची. म्हशीला निदान पेंढ्याचं रेडकू तरी दिलं, माझ्यापुढे कुणी काय ठेवलं, ही आग सरजाबाईच्या पोटात कायमची राहिली. पुढे दोन पोरं झाली, नातवंडं झाली, तरी ती विझली नाही.

सुईण झाल्यावर तिने एक नेम धरला. मेलेलं लेकरू ती आईच्या मांडीवर द्यायची. म्हाताऱ्या शिव्या घालायच्या, अपशकुन म्हणायच्या, सरजाबाई ऐकायची नाही. आई आपल्या हाताने परत देईल तेव्हाच ती ते उचलायची. जिनं बघितलं ती रडून मोकळी होती, जिला दाखवलं न्हाई ती जन्मभर हुडकत ऱ्हाती, हे तिचं ठरलेलं उत्तर.

यंदा हरभरा काढणीला आला तेव्हा तिची लेक सुकेशनी बाळंतपणाला माहेरी आली. सासर पिंगळीचं, नवरा धम्मपाल परभणीत कचेरीत कारकून. सुकेशनीची पहिली खेप, त्यामुळे सरजाबाईने आधीपासूनच तयारी केली होती. स्वतःचं एक जुनं हिरवं लुगडं तिने धुऊन धुऊन मऊ केलं होतं. त्याची झोळी करायची, असं तिने ठरवलेलं. दुकानातला पाळणा आणतो म्हणणाऱ्या जावयाला तिने, लेकराला मायच्या मायचा वास लागतो, पलाष्टिकचा न्हाई, असं म्हणून गप्प केलं.

सुकेशनी बाळंत होण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी गावात एक वानराचं पिल्लू विजेच्या तारेला लागून मेलं. आईने ते सोडलं नाही. एरवी तिला धरायची सवय नाही, त्यामुळे ते मेलेलं पोर काखेत दाबून ती तीन पायांवर लंगडत छपराछपरावरून फिरायची. पुढे वास सुटला. मुंजाजीने गावकी बसवली. मारुतीचं लेकरू असं कुजू द्यायचं का, त्याची रीतीने माती करायची, असं ठरलं. पण ती देईना. मग पोरांनी फटाके लावले. माळ फुटली तशी ती उडाली, आणि पिल्लू तिच्या हातून सुटून सरजाबाईच्या अंगणात पडलं.

अंगणात पडलं म्हणून गुंडाळायला कापडही सरजाबाईनेच दिलं. सरजाबाई बौद्ध, मारुतीचं तिला काही नाही, पण लेकरू ते लेकरू. घाईत हाताशी आलं ते हिरवं लुगडं. तिने ते मधोमध टर्रकन फाडलं, अर्ध्यात पिल्लू गुंडाळलं आणि मुंजाजीच्या हातात ठेवलं. शेजारची कमलबाई दारातून ओरडली, की पोटातल्या लेकराच्या कापडातलं मेल्याला देऊ नका. सरजाबाईने तिला वेड्यात काढलं. कापडाला काय कळतंय, म्हणाली. गुलाल उधळला, टाळ वाजले, पिल्लाला मारुतीच्या मागं पुरलं, चार तरण्या पोरांनी डोकी भादरली आणि दहाव्याला गावजेवण झालं. सगळ्यांना आपण फार पुण्य केलं असं वाटलं. अंगणासमोरच्या लिंबावर बसून ती वानरीण ते हिरवं कापड दूर जाताना बघत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सुकेशनीला जिंतूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आल्यावर सरजाबाईने उरलेल्या हिरव्या लुगड्याची झोळी पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला बांधली. त्याच दुपारपासून ती वानरीण लिंबावरून हलेनाशी झाली.

वानरं टोळीने राहतात. टोळी तर केव्हाच ओढ्यापलीकडे गेली होती. ही एकटीच राहिली. ओरडत नसे, दात दाखवत नसे, टाकलेल्या भाकरीकडे बघतही नसे. तिचं तोंड दाराकडे. कमलबाई म्हणाली, मारुती पहारा द्यायलाय, भाग्याची हाय पोरगी. पण तिचाही आवाज बारीक झाला होता. गाव काढणीला रानात गेलं की दुपारी गल्लीत चिटपाखरू नसे. पत्रा तापून तडतडायचा, आणि त्या तडतडीत मध्येच एक वेगळा आवाज यायचा, कुणीतरी पाऊल दाबून चालल्यासारखा. सरजाबाई बाहेर यायची. वानरीण लिंबावर असायची, तिथंच, आणि तरी फांदी हलत असायची.

मग एक दिवस तिच्या काखेत काहीतरी दिसलं. पिठाच्या गिरणीमागं कुत्री व्याली होती, त्यातलं एक पिल्लू तिने उचललं होतं. ती ते पुन्हा पुन्हा पोटाशी लावायची आणि हात काढायची. कुत्र्याच्या पिल्लाला धरता कुठे येतं? ते घसरायचं, ती परत पकडायची. दिवसभर ते कुंई कुंई करत राहिलं. सरजाबाईने काठीला भाकरी बांधून, कैरीच्या फोडी दाखवून ते सोडवायचा प्रयत्न केला. वानरीण वरच्या फांदीवर गेली. दुसऱ्या दिवशी पिल्लाचा आवाज बंद झाला. तिने मात्र ते सोडलं नाही.

सुकेशनी आता उन्हाचंही दार लावून घ्यायची. एका दुपारी ती बाळाला घेऊन बाजेवर पडली होती, आणि तिने डोळे उघडले तर रिकामी झोळी हलत होती. वारा नव्हता. खिडकीच्या गजावर ओल्या मातीची बोटं उमटली होती, लांब आणि बारीक. तिने आईचा हात घट्ट धरला. आजच पिंगळीला जाते म्हणाली. सरजाबाई सव्वा महिन्याच्या आधी बाळंतिणीला उंबरा ओलांडू द्यायला तयार नव्हती. जनावराला भिऊन जायाचं का, असं ती फणकाऱ्याने बोलली, पण रात्री तिला झोप लागली नाही. कमलबाईने कुंपणावरून सांगितलेलं तिच्या कानात वाजत होतं: अर्धं मेल्याला दिलंत, आता ते दुसरं अर्धं मागायला आलंय. असल्या गोष्टींना सरजाबाई जन्मात भ्याली नव्हती. आता भ्याली. वनखात्याला फोन लावला तर माणसं सोमवारी पिंजरा घेऊन येणार होती.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. बाळ मांडीवर असलं, बाजेवर असलं, की वानरीण नुसती बसून असायची. बाळ झोळीत घातलं आणि झोळी हलली, की ती उठून उभी राहायची.

शनिवारी दुपारी सुकेशनी मागं न्हाणीत होती. बाळ झोळीत झोपलेलं. शेगडी विझली म्हणून सरजाबाई कमलबाईकडे निखारा आणायला गेली, अन् बोलायलाही थांबली नाही. परत आली तर दार तिने लावलं होतं तितकंच लोटलेलं होतं, पण विरळ गजांची वरची खिडकी सताड उघडी होती. आत झोळीच्या कडेला वानरीण बसली होती.

सरजाबाईच्या हातातली निखाऱ्याची परात तिथंच उंबऱ्यावर राहिली. वानरीण तिच्याकडे वळली नाही. तिचा एक काळा हात झोळीत होता, कोपरापर्यंत. दुसऱ्या काखेतून ते मेलेलं पिल्लू लोंबत होतं. झोळी सावकाश हलत होती आणि आतून बाळाचा हुंकार येत होता, जागं होताना येतो तसा. खोलीत कुजका वास भरला होता.

ओरडलं तर काय होईल, हे सरजाबाईला माहीत होतं. ही बाळाला उचलेल, पोटाला लावेल आणि लिंबाच्या शेंड्यावर जाईल. आणि मग हात काढून घेईल, कारण तिचं लेकरू तिला आपणहून धरायचं. माणसाच्या पोरीला ते येत नाही.

 सरजाबाई आवाज न करता खाली बसली, आणि बसल्यावर तिला ती हिरवी किनार दिसली. वानरीण झोळीचं कापड नाकाशी धरून हुंगत होती. असंच कापड तिने लिंबावरून पाहिलं होतं. तिचं पिल्लू त्यात गुंडाळलं गेलं आणि लोकांच्या हातांवरून दिसेनासं झालं. आणि मग काही दिवसांनी तेच कापड समोरच्या घरात टांगलेलं, आणि त्यात काहीतरी लहानसं, हलणारं, रडणारं. ती कुणाला खायला आली नव्हती. कापडात काय आहे, ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. गावातल्या एकूण एक आईला मेलेलं लेकरू मांडीवर देणाऱ्या सरजाबाईने हिला ते परत दिलं नव्हतं. गुंडाळून दाराबाहेर देऊन टाकलं होतं, सासूने दिलं होतं तसंच. हे कळलं तेव्हा तिच्या भीतीला लाज येऊन मिळाली.

न्हाणीच्या दारात सुकेशनी येऊन उभी राहिली. ओले केस, तोंड उघडं. सरजाबाईने हाताने तिला तिथंच थांबवलं. मग ती बसल्या बसल्याच झोळीकडे सरकली, इतकी जवळ की वानरिणीचा श्वास तिच्या दंडाला लागत होता. तिने दोन्ही हातांनी झोळीचे काठ धरले आणि कापड हळूहळू उघडलं, पार पसरून, उजेडात.

"बघ बाई," ती म्हणाली. "नीट बघ. ही तुझी न्हाई."

वानरीण वाकली. बाळाने डोळे उघडले होते. त्या काळ्या तोंडाकडे ते बघत राहिलं, रडलं नाही. वानरिणीने एक बोट त्याच्या गालावर ठेवलं, मग पोटावर, जिथं केस असायला हवे होते तिथं. मग त्याची मूठ धरून तिने आपल्या पोटाच्या केसांवर ठेवली आणि हात काढून घेतला. मूठ घसरून खाली पडली. तिने परत ठेवली. परत पडली. सुकेशनी भिंतीला धरून उभी होती.

वानरीण किती वेळ तशीच बसून होती कोण जाणे. सरजाबाईने हाताखाली हात घालून बाळाला उचललं, इंच इंच करत, आणि वानरिणीने उचलू दिलं. झोळी रिकामी झाली. तेव्हा तिने काखेतलं कुत्र्याचं पिल्लू जमिनीवर ठेवलं, नीट, कुशीवर. झोळी दोन्ही हातांनी ओढली. गाठ सुटेना, तशी सरजाबाईने एका हाताने ती सोडून दिली. सगळं हिरवं कापड गोळा करून वानरिणीने पोटाशी धरलं, त्यात तोंड घातलं आणि खिडकीतून बाहेर गेली. लुगड्याचं टोक गजांवरून घासत गेलं.

सुकेशनीने बाळ छातीशी घेतलं आणि मग मोठ्याने रडली. सरजाबाईने आधी ते कुत्र्याचं पिल्लू पदरात घेतलं आणि गिरणीमागं नेलं. कुत्रीपुढे ठेवलं. कुत्रीने ते हुंगलं, तोंडाने ढकलून बघितलं, आणि उरलेल्या पिल्लांकडे जाऊन आडवी झाली. मग सरजाबाईने ते पुरलं.

सोमवारी पिंजरा आला, पण वानरीण नव्हती. पाण्याकाठच्या चिंचेवर ती दोन-तीन दिवस दिसली, पोटाशी हिरवं कापड घेऊन. नंतर नुसतं कापडच शेंड्याला लोंबत राहिलं. ती टोळीला जाऊन मिळाली, असं मासे धरणारे सांगत. वटवाघळं त्या फांदीवर बसेनाशी झाली. मुंजाजी म्हणाला, मारुतीने लुगडं स्वीकारलं. सरजाबाईने त्याला, तू पायाळूच बरा व्हतास, एवढंच ऐकवलं.

सव्वा महिना झाला, सुकेशनी पिंगळीला गेली. घर मोकळं झालं. त्या दिवशी उन्हं उतरल्यावर सरजाबाई दिराच्या दारात गेली. किशनराव जिंतूरच्या शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, आता गुडघ्यांनी बेजार. चला पाण्याकडं, म्हणाली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कदाचित ते इतकी वर्षं वाट बघत असावेत.

दोघं काठावर बसली. पाणी अजून भरपूर होतं. किशनरावांनी काठीने आतल्या बाजूला दाखवलं. त्या वक्ताला दुष्काळ, तिथवर कोरडं व्हतं, पुढं पाणी चढलं, ते म्हणाले. सरजाबाई तिकडे बघत राहिली. गावात कुणाला न भिणारी बाई, पण हा एक सवाल विचारायला ती इतकी वर्षं भ्याली होती.

"किशनराव, पोरगा व्हता का पोरगी?"

"पोरगी व्हती, वैनी." त्यांनी काठी खाली ठेवली. "डोक्यावर लय केस व्हते. कापड जरा सरकलं आन् केस वाऱ्यानं हलायले. मला वाटलं, जित्ती हाय. बा खड्डा खणायले व्हते, खाली ठिव म्हणले. म्या ठिवली न्हाई. खड्डा होईस्तवर धरूनच बसलो."

सरजाबाईने त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले, तळवे वर केले, आणि दिवस मावळेपर्यंत ती त्या हातांकडे बघत बसली.